नादाची मात्रा

तमिळ लग्नात ताळी, म्हणजे तिकडचे मंगळसूत्र, बांधण्याची घटका आली की पुरोहित वाजंत्र्यांकडे बोट हलवून खूण करतो, मांडवातून 'गेट्टिमेळम, गेट्टिमेळम' अशी हाक उठते आणि तोवर रमतगमत चाललेले नागस्वरम हे सनईसारखे वाद्य व तविल हा ढोल एकदम पूर्ण ताकदीने वाजू लागतात. या गजरामागे हेतू आहे. त्या क्षणी कुणाची शिंक, कुणाचा वेडावाकडा शब्द, कुणाचे रडणे वधूवरांच्या कानी पडू नये, म्हणून एका नादाने बाकीचे सारे नाद झाकून टाकायचे. आपल्याकडे अंतरपाट दूर होताना वाजंत्री कडाडतात, त्यातलाच हा प्रकार. मोठा आवाज हा आपल्या संगीतात चुकून शिरलेला नाही, तो जाणूनबुजून योजलेला आहे. पण त्याच्या योजनेत आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे मर्यादा. ताळीची गाठ बसली की गजर थांबतो आणि पुन्हा संथ वादन सुरू होते. मराठीत तालाच्या मोजणीला मात्रा म्हणतात आणि वैद्याने मोजून दिलेल्या औषधालाही मात्राच म्हणतात. नादाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. आवाज किती मोठा आणि किती वेळ, या दोहोंचा मेळ म्हणजे कानाला मिळणारी मात्रा. ती मोजण्याचे जुने उपाय आज मोडले आहेत. इअरप्लग नावाचा बोटाच्या पेराएवढा बोळा ती मात्रा ऐकणाऱ्याच्या हाती परत देतो, आणि म्हणून त्याला संगीताशी केलेला द्रोह समजणे चूक आहे, हे या लेखाचे म्हणणे.

हे म्हणणे तपासून पाहायला कावेरीच्या खोऱ्यासारखी दुसरी जागा नाही. कुंभकोणमपासून साधारण पंधरा किलोमीटरवर, आडुतुरैजवळ, तिरुनीलक्कुडी हे गाव आहे. तिथल्या नीलकंठेश्वराच्या देवळावर अप्पर या शैव संताचे पदिगम, म्हणजे स्तोत्र, आहे. गावाभोवतीचा सारा टापू मंगलवाद्यांचा. जवळच्या नरसिंगम्पेट्टैमध्ये कारागीर पिढ्यान्‌पिढ्या नागस्वरम घडवतात, आणि त्या वाद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. लाकूड आच्चाचे, म्हणजे आपल्याकडच्या अंजनाचे, आणि तेही शक्यतो जुन्या घरांच्या तुळयांमधून काढलेले, वर्षानुवर्षे मुरलेले. याच परिसरातल्या तिरुवावडुतुरै गावचे टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) हे नागस्वरमचे सम्राट मानले जातात. मराठी वाचकाला हा मुलूख अगदी परका नाही. तंजावरवर १६७६ ते १८५५ भोसल्यांचे राज्य होते, आणि आजही आडुतुरैजवळच्या गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचे भव्य मंदिर आहे.

या वाद्यमेळाची घडणच मुळी मोकळ्या आभाळाखाली वाजण्यासाठी झालेली आहे. नागस्वरमची दुहेरी पात, जिला तिकडे सीवाळी म्हणतात, ओठांत धरून फुंकली जाते. खाली रुंद होत जाणारी नळी आणि तोंडाशी कर्णा, त्यामुळे स्वर दूरवर पोचतो. अशा दुहेरी पातीच्या वाद्यांत वरच्या स्वरांशांचा भरणा मोठा असतो, म्हणून सनईसारखाच नागस्वरमचा आवाजही गर्दीचा कोलाहल चिरत जातो. तविलच्या एका तोंडावर जाड काठीचा आघात, दुसऱ्यावर बोटांत कडक टोप्या चढवून केलेला. देवाची स्वारी निघताना गंभीरनाट रागातली मल्लारी वाजते, ती गावाला देव निघाल्याची वर्दी असते. वर्दी लांबवर ऐकू जायलाच हवी. मात्र वाद्यांचा संच पुढे सरकत असतो, ऐकणारा रस्त्याच्या कडेला असतो, आवाज जवळ येतो, शिगेला पोचतो आणि निघून जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की लहान उगमाचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. फुंकणाऱ्याचा दम आणि बडवणाऱ्याचे मनगट हीही एक मर्यादाच होती. गाभाऱ्यासमोर तर ओदुवार, म्हणजे देवळातले गायक, तेवारम ही शैव स्तोत्रे गातात ते साध्या गळ्यावर. कुठे किती आवाज, याची वाटणी जागेनुसार आणि प्रसंगानुसार ठरलेली होती. ध्वनिवर्धकाने ही वाटणी पुसली. त्याला दम लागत नाही, मनगट दुखत नाही आणि तो पुढे सरकलाच पाहिजे असेही नाही. राजरत्नम पिळ्ळैंनी वरच्या पट्टीच्या आखूड तिमिरिऐवजी लांब, खालच्या पट्टीचे बारी नागस्वरम रूढ केले, ते रस्त्यावरून मैफलीत आलेल्या वाद्याला शोभणारे होते. वाद्याने स्वतःला आवरले खरे, पण उत्सवाच्या मंचावर त्याच्या पुढ्यात मायक्रोफोन आला आणि मागे स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या. तिमिरिने मागितला नसता एवढा आवाज आता कुठलेही वाद्य करू शकते.

कानाला या बदलाची वार्ताच नाही. आतल्या कानात शंखाच्या वेटोळ्यासारखी, द्रवाने भरलेली नळी असते, तिला कर्णावर्त म्हणतात. तिच्यात केसांसारखे सूक्ष्म तंतू माथ्यावर धारण करणाऱ्या पेशी ओळीने मांडलेल्या असतात. आतल्या ओळीत साधारण साडेतीन हजार, बाहेरच्या ओळींत बारा हजारांच्या आसपास. लहरीबरोबर हे तंतू झुकतात आणि त्या झुकण्यातून मज्जातंतूत संदेश निघतो. जन्मभराचे ऐकणे एवढ्याच भांडवलावर चालते. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात, माणसात उगवत नाहीत. अति जोराच्या लहरींनी तंतू मुडपतात, पेशी दमतात. विश्रांती मिळाली तर त्या सावरतात, न मिळाली तर मरतात. पहिला घाव बहुधा ४,००० हर्ट्‌झच्या आसपास बसतो, कारण कानाचा बाहेरचा बोगदा ३,००० हर्ट्‌झच्या जवळपासचे स्वर आपोआप वाढवून आत पाठवतो. याच पट्ट्यात आणि त्याच्या वर स, श, ख, थ, फ या वर्णांची ओळख असते. म्हणून आवाजाने कान गेलेल्या माणसाची तक्रार ऐकूच येत नाही अशी नसते, बोललेले ऐकू येते पण कळत नाही अशी असते. बरेचदा सोबत कानात न थांबणारी शिटी वाजते, त्या टिनिटसला आजवर खात्रीचा उतारा सापडलेला नाही.

मात्रेचा हिशेब समजायला डेसिबलची एक खोड ध्यानात ठेवावी लागते. ही मोजपट्टी बेरजेची नाही, गुणाकाराची आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर आदळणारी ऊर्जा दुप्पट होते, १० डेसिबलने वाढला की दसपट. ऐकताना मात्र दहा डेसिबलची वाढ जेमतेम दुप्पट वाटते, आणि या फसवणुकीतच धोका आहे. अमेरिकेतील नायॉश ही कामगार-आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही सुरक्षिततेची सीमा मानते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. मोठ्या मंचासमोर वा ढोलताशाच्या घोळक्यात १०० डेसिबल ही काही विक्रमी पातळी नव्हे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीत सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी-शिक्षक दरवर्षी आवाज मोजतात, आणि कित्येक वर्षी तिथली सरासरीच १०० च्या वर गेलेली आहे. अशा जागी साडेचार तास उभे राहिलेला माणूस पंधरा मिनिटांच्या अठरापट, म्हणजे अठरा दिवसांची मात्रा एका बैठकीत घेतो. त्याच माणसाच्या कानात १५ डेसिबल उतरवणारा इअरप्लग असेल तर आत ८५ पोचतात, आणि साडेचार तासांत त्याची दिवसाची मात्रा निम्म्याहून थोडीच जास्त खर्च होते. मिरवणूक तीच, वेळ तोच, फरक फक्त दोन बोळ्यांचा.

हा हिशेब नुसता कागदी नाही. नेदरलँड्‌समधील उट्रेख्ट विद्यापीठ-रुग्णालयाच्या संशोधकांनी २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका खुल्या संगीतमहोत्सवात ५१ जण नेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. २५ जणांनी इअरप्लग घातले, २६ जण तसेच राहिले. साडेचार तास, सरासरी १०० डेसिबल. आधी आणि नंतर सगळ्यांची श्रवणचाचणी झाली. उघड्या कानांपैकी ४२ टक्के कानांची ऐकण्याची क्षमता तात्पुरती घसरली होती, झाकलेल्यांपैकी फक्त ८ टक्के. कानात आवाज घुमण्याची तक्रार उघड्या कानांच्या गटात ४० टक्क्यांची, तर झाकलेल्यांत १२ टक्क्यांची. गट लहान होता, पण फरक लहान नव्हता, आणि गट दैवयोगाने पडल्यामुळे काळजी घेणारी माणसे मुळातच वेगळी असतात असे म्हणायलाही जागा उरत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला रसिकाचा: बोळे घालून संगीत ऐकायचे तर घरीच का बसू नये? यात तथ्य आहे, पण ते स्वस्त फोमच्या बोळ्यांपुरते. फोम वरचे स्वर अधिक आणि खालचे कमी अडवतो. त्यामुळे तविलचा घुमार उरतो आणि नागस्वरमची धार बोथट होते, जणू भिंतीपलीकडची मैफल. दुसरे कारण असे की बोगदा बुजवला की कानाची ३,००० हर्ट्‌झजवळची नैसर्गिक वाढच नाहीशी होते. १९८८ साली अमेरिकेतील एटिमोटिक रिसर्च या कंपनीने बाजारात आणलेल्या वादकांसाठीच्या प्लगमध्ये यावर तोड होती. बारीक पडदा आणि नळी यांची अशी जोडणी केली की बुजलेल्या बोगद्याची वाढ प्लगच भरून काढतो, आणि सगळे स्वर जवळपास सारख्याच प्रमाणात, सुमारे १५ डेसिबलने, खाली येतात. संगीताचा तोल तसाच राहतो, फक्त ते काही पावले मागे सरकते. शिवाय अति मोठ्या आवाजात कान स्वतःच स्वरांची गिचमीड करतो. पातळी थोडी उतरली की गमक आणि तविलची बोटे वेगवेगळी ऐकू येऊ लागतात. तिरुनीलक्कुडीच्या देवाची कथा इथे सहज आठवते. हलाहल प्यायचे त्याने नाकारले नाही. पार्वतीने ते कंठाशी अडवले, पोटात उतरू दिले नाही. त्या दाहावर उतार म्हणून तिथे लिंगाला तेलाचा अभिषेक होतो, आणि ओतलेले तेल लिंगात जिरते असे भाविक मानतात. उपचार नंतरचा असतो, अडवणे आधीचे. कानाच्या बाबतीत तर नंतरचा उपचार नाहीच, म्हणून जे करायचे ते दाराशी.

दाराशी अडवायचे तर दार नीट लागले पाहिजे. ढोलताशा पथकांत कापसाचे बोळे घालायची रीत आहे. हेतू चांगला, पण कापूस जेमतेम काही डेसिबल अडवतो, कारण हवेची फट राहते आणि आवाज फटीतूनच येतो. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. पाकिटावर ३० डेसिबल लिहिलेले असले तरी घाईने कोंबलेला प्लग त्याच्या निम्मेही काम करत नाही. त्याहून मोठी गफलत मध्येच काढून ठेवण्याची. ३० डेसिबल अडवणारे प्लग तासातली सहाच मिनिटे काढले, तर संपूर्ण तासाचे संरक्षण जवळपास १० डेसिबलवर घसरते. कारण त्या सहा मिनिटांत शिरलेली ऊर्जा उरलेल्या चोपन्न मिनिटांच्या शंभरपटीहून अधिक असते. म्हणूनच कमी अडवणारा पण काढावासा न वाटणारा प्लग हा जास्त अडवणाऱ्या पण नकोशा प्लगपेक्षा बरा.

दुसरा आक्षेप परंपरेचा: आमच्या वडीलधाऱ्यांनी जन्मभर वाजवले, त्यांना काय झाले? याचे उत्तर बहुधा असे की झाले, पण त्याला म्हातारपण म्हटले गेले. हा बहिरेपणा हळूहळू येतो, दुखत नाही, आणि त्याची सुरुवात गावात कुणी मोजलेली नसते. जिथे मोजले गेले तिथले चित्र स्पष्ट आहे. जर्मनीत आरोग्यविम्याच्या सुमारे सत्तर लाख नोंदींवरून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यावसायिक संगीतकारांना आवाजजन्य बहिरेपणाचा धोका इतरांच्या साडेतीन पटींहून अधिक दिसला. संगीत म्हणजे गोंगाट नव्हे, हे बचावाचे वाक्य लंडनच्या न्यायालयातही टिकले नाही. रॉयल ऑपेरा हाउसमधील क्रिस गोल्डशायडर हे व्हायोला वाजवायचे. २०१२ साली वाग्नरच्या ऑपेराच्या तालमीत त्यांच्या पाठीशी बसलेल्या पितळी वाद्यांनी त्यांचा कान दुखावला. २०१८ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०१९ च्या अपिलातही तो मूलतः कायम राहिला. कर्णावर्ताला राग आणि कलकलाट यांतला भेद कळत नाही. वादकांची अडचण मात्र खरी आहे, ती झटकून टाकता येणार नाही. सीवाळी ओठांत असल्याने नागस्वरमचे कंपन हाडांतून थेट आत जाते, आणि कान बुजवला की ते आतल्या आत घुमते. स्वतःचे वाद्य अवाजवी मोठे आणि साथीचे लांबचे वाटते. फुंकणाऱ्याला म्हणून कमी अडवणारे, कानाच्या मापाने बनवलेले आणि खोल बसणारे प्लग लागतात आणि सवयीला काही आठवडे जातात. तविल वा ढोल वाजवणाऱ्याला ही अडचण पुष्कळ कमी. त्याने मिरवणुकीपेक्षाही सरावात प्लग घालावेत, कारण उत्सव एक दिवसाचा आणि सराव महिन्यामहिन्यांचा असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: वर्षातून एकदाच तर जातो, दुसऱ्या दिवशी कान मोकळे होतात. कान मोकळे होतात हे खरे, पण सगळे पूर्ववत झाले असा त्याचा अर्थ नाही. २००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणचाचणी पूर्वीसारखी आली, केसपेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशींना मज्जातंतूशी जोडणारे दुवे, काही पट्ट्यांत निम्म्याच्या आसपास, कायमचे तुटले होते. जिवंत माणसाच्या कानात हे दुवे मोजता येत नाहीत, त्यामुळे उंदराचा आकडा माणसाला जसाच्या तसा लावू नये. एका मिरवणुकीने कुणी बहिरा होतो असेही नव्हे, आठ तासांची ती सीमा जन्मभराच्या नोकरीचा विचार करून आखलेली आहे. मात्र दुसऱ्या दिवशीची शिटी हा कानाने दिलेला पहिला इशारा असतो. आणि वर्षातून एकदा हा हिशेबही क्वचितच खरा असतो. गणपती, नवरात्र, लग्नसराई, वराती आणि रोजचा हेडफोन ही सारी मात्रा एकाच खात्यात जमा होते.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. आवाज करणाऱ्याने करायचा आणि बोळे ऐकणाऱ्याने घालायचे, हा कुठला न्याय? पहिली जबाबदारी स्पीकर लावणाऱ्याची, यात वाद नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, सार्वजनिक जागेच्या हद्दीवर फार तर ७५. पण या नियमांची नजर कुणावर आहे ते पाहावे. ते शेजाऱ्याचे रक्षण करतात, मोजमाप हद्दीवर होते. मंचासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या कानाबद्दल त्यांत काही नाही. कारखान्यातला कामगार तरी कायद्याच्या दृष्टीस पडतो, आवाजजन्य बहिरेपणा कामगारांच्या कायद्यात कळवण्याजोगा रोग म्हणून नोंदलेला आहे. तविल वाजवणारा आणि तो ऐकणारा या कायद्याच्या बाहेर राहतात. ही फट जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली हेरली आणि कार्यक्रमस्थळांसाठी मानक दिले: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, आवाज सतत मोजला जावा, स्पीकरची मांडणी विचारपूर्वक व्हावी, शांत जागा राखावी, कर्मचाऱ्यांना शिक्षण द्यावे आणि प्रेक्षकांना इअरप्लग मिळावेत. म्हणजे उगमाशी आवर आणि कानाशी अडसर हे दोन्ही एकाच यादीत आहेत, एकाने दुसऱ्याला सुटी मिळत नाही. शिवाय १०० डेसिबलची मर्यादा पाळली तरी उघड्या कानाची मात्रा पाव तासात संपते हे वर आलेच आहे. कायदा सुधारेपर्यंत वाट पाहणे कानाला परवडणारे नाही.

गर्दीत सूचना ऐकू येणार नाहीत, ही शंकाही हिशेबापुढे टिकत नाही. १०० मधून १५ गेले तरी ८५ उरतात, आणि हाक व गोंगाट सारख्याच प्रमाणात उतरत असल्याने हाक बुडत नाही. खरी चिंता लहान मुलांची. खांद्यावर बसलेल्या मुलाचा कान गर्दीच्या वर, स्पीकरच्या समोर येतो, आणि त्याच्या इवल्या बोगद्यात प्लग बसत नाही. त्याला कान पूर्ण झाकणारे इअरमफ लावावेत, नाहीतर त्याला मागे न्यावे. मोठ्यांनीही दर तासाला दहा मिनिटे शांत जागी जावे, आणि हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते आहे असे दिसले की प्लग घालायची वेळ झाली असे समजावे. नरसिंगम्पेट्टैचा कारागीर जुनी तुळई निवडतो, नळी कोरतो, एकेक छिद्र पाडून सूर जुळवत बसतो, तो दोन स्वरांमधल्या केसाएवढ्या फरकासाठी. तो फरक ऐकायला समोर केसपेशी शाबूत असलेला कान लागतो. देवाची स्वारी पुढल्या वर्षीही निघेल, तेव्हा मल्लारी जशी वाजेल तशीच ऐकू यावी एवढ्यासाठी हे दोन बोळे खिशात ठेवायचे.